कॉलर शेवटी

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आज ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं 'डाग आणि इलाज'. बायको म्हणाली, "त्वचारोगाच्या दवाखान्याची पाटी वाटते." तिला माझी कुठलीच गोष्ट पहिल्या दिवशी आवडत नाही, लग्नासकट, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

कल्पना पुतणीची. चिमणी म्हणतो आम्ही तिला. नोकरीसाठी दूर राहते, पण फोन रोजचा. रस्त्यापलीकडे ती मोठी लॉन्ड्री आली आणि आमच्या दुकानाकडे लोक बघेनासे झाले. तिथं म्हणे फोनवर बोट दाबलं की घरी येऊन कपडे नेतात आणि घड्या घालून परत आणतात. चिमणी म्हणाली, "काका, त्यांच्याकडे मशिनं आहेत, तुमच्याकडे आयुष्यभराचं शहाणपण आहे. ते लिहा. लोक वाचतील, मग कपडे घेऊन येतील." शहाणपण हा शब्द ऐकल्यावर मी आढेवेढे घेतले नाहीत.

दुकानात आमची वाटणी आहे. काउंटर, इस्त्री आणि बोलणं माझ्याकडे. आतली खोली, बाटल्या, ब्रश आणि डाग दादाकडे. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, चिमणीचा बाप. माणसांशी तो 'हं' एवढंच बोलतो. होकाराला हं, नकाराला हं, गिऱ्हाइकानं हात जोडले तरी हं. कपड्यांशी मात्र दिवसभर बोलत बसतो.

वहिनी जाऊन दोन वर्षं होतील. त्या वेळी दादानं अंथरूणच धरलं होतं. जेवण नाही, बोलणं नाही, भिंतीकडे तोंड करून पडलेला. आम्हाला वाटलं, हाही चालला. मग एका सकाळी आपणहून उठला, दुकानात आला, आत जाऊन बसला आणि थोड्या वेळानं मला काउंटरवर त्याची कुजबुज ऐकू आली. त्या दिवशी मी पदरच्या पैशानं गिऱ्हाइकांना चहा पाजला. तेव्हापासून माझं गणित सोपं आहे. आतून आवाज येतोय ना, मग दादा ठीक आहे. चिमणीसुद्धा रोज तेवढंच विचारते.

"बाबा बोलतायत ना?"

"बोलतोय की. आत्ता एका कोटाची खरडपट्टी चाललीय."

"मग बरं," म्हणते आणि फोन ठेवते.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

पहिला लेख टाकला. 'शर्टाची इस्त्री : कॉलर आधी!' उद्गारचिन्ह मुद्दाम दिलंय. वहिनी असती तर पदर खोचून भांडायला आली असती. तिचं म्हणणं, आधी कॉलर केली तर बाकीचा शर्ट करेपर्यंत ती चुरगळते, म्हणून कॉलर शेवटी. माझं म्हणणं, कॉलर म्हणजे शर्टाचं तोंड, आधी तोंड धुवायचं की नाही? हा वाद ती या घरात आल्यापासून चालू होता. आता निकाल लावून टाकला, ब्लॉगवर.

वाचक आतापर्यंत मी. दोनदा.

रविवार, ११ फेब्रुवारी

चिमणीनं सांगितलं, नुसतं लिहून भागत नाही, आपलं आपण वाजवावं लागतं. म्हणून लेख घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात सगळ्यांचे अंगठे आले. मला भरून आलं. मग मावसभावाला फोन करून विचारलं, "कसा वाटला?" म्हणाला, "काय कसा वाटला?" म्हटलं, "लेख." म्हणाला, "अरे, मला वाटलं तुझा वाढदिवस आहे."

इमारतीच्या ग्रुपवर टाकला तर सेक्रेटरींनी खाली लिहिलं, 'येथे जाहिरात करू नये. पाण्याच्या वेळा कळवण्यासाठी ग्रुप आहे.' शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. तिथं कुणीतरी लगेच मावळत्या सूर्याचं चित्र टाकलं, त्यावर चार जणांनी चित्रं टाकली, आणि माझा लेख फुलांखाली गाडला गेला.

बायकोनं मात्र वाचला. "कसा आहे?" म्हटलं. "मोठा आहे," म्हणाली.

शनिवार, १७ फेब्रुवारी

चहाच्या डागावर लेख झाला, गंजावर झाला, गवताच्या हिरव्या डागावर झाला. चिमणी म्हणते प्रत्येक लेखाला हॅशटॅग लावा. मी इतके लावले की लेख कुठं संपतो तेच कळेना. सकाळी टाकून बघितलं, दुपारी टाकून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. एक प्रतिक्रिया आली. मी धावत जाऊन चष्मा लावून बसलो. कुणीतरी परदेशी भाषेत केस उगवायचं तेल विकत होता.

बायको म्हणाली, "नव्याचे नऊ दिवससुद्धा नाही टिकले हो." खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. आपण आयुष्यभर काउंटरवर बोलत आलो, तेव्हा लोक ऐकत होते की कपड्यांची वाट बघत उभे होते?

मंगळवार, २० फेब्रुवारी

चिमणी म्हणते आजकाल लोक वाचत नाहीत, बघतात. व्हिडिओ करा. मी काउंटरमागे उभा राहून शाईच्या डागावर भाषण दिलं. बायकोनं फोन धरला. मग बघितलं तर मी एखाद्या पडलेल्या उमेदवारासारखा दिसत होतो.

मग डोक्यात आलं, दादा! कपड्यांशी बोलणारा माणूस दुसऱ्या कुणाच्या दुकानात आहे? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

चिमणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "काका, बाबांना नका घेऊ त्यात."

"का गं?"

"नको. आणि घेतलंतच तर आधी त्यांना विचारा."

मी विचारलं. आत जाऊन म्हटलं, "दादा, तुझा व्हिडिओ काढू का रे, ब्लॉगसाठी?"

"हं," म्हणाला.

झालं. परवानगी मिळाली.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

व्हिडिओ काढला, आणि असला झालाय की मीच चारदा बघितला.

फोन कुठं ठेवायचा हीच अडचण होती. आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. शेवटी वहिनीच्या जुन्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, तिच्या इस्त्रीला टेकवून. दादाच्या बरोबर समोर ते टेबल रिकामं पडून आहे. तिचा ॲप्रनसुद्धा अजून मागच्या खिळ्यावर आहे. मी किती वेळा म्हटलं, हे टेबल काढू, कपड्यांची मांडणी येईल. दादा म्हणतो, "राहू दे." एकदा मी गाठोडं ठेवलं होतं त्यावर, तर दुपारी ते माझ्या खुर्चीत आणून टाकलेलं. म्हाताऱ्या माणसांना जागा बदललेली खपत नाही.

फोन चालू करून मी बाहेर येऊन बसलो. दादा कामाला लागला, त्याला फोनची आठवणही राहिली नसावी. व्हिडिओत तो एक करडा कोट उलटा करतो, डागाचा वास घेतो, मग मान वर करून थेट समोर बघतो. "बघ," म्हणतो, "कॉफी सांडायची आणि मग कपाटात दडवून ठेवायचं. माणसं सुधारायची नाहीत." मग थांबतो. "नुसत्या पाण्यानं निघेल म्हणतो मी." पुन्हा थांबतो, ऐकल्यासारखं करतो. मग हसतो. दादा हसतो! "बरं बाई, तुझंच खरं. व्हिनेगर तर व्हिनेगर." आणि खाली वाकून कामाला लागतो.

कॅमेऱ्यात असं बघायला नट लोक शिकायला जातात. आमच्या दादाला उपजत आहे. नाव दिलं, 'कपड्यांशी बोलणारा माणूस'.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

काय झालं ते लिहायला हात पुरत नाहीत. शाळेच्या ग्रुपवर ज्या मित्रानं सूर्य टाकला होता, त्यानंच आमचा व्हिडिओ मला पाठवला, 'हे बघ, किती गोड म्हातारा,' असं लिहून! म्हणजे तो कुठं कुठं फिरून परत माझ्याकडे आला. मी लिहिलं, 'तो माझा भाऊ आहे गाढवा.'

खाली लोकांचे शब्द वाचत दिवस गेला. किती तरी जणांनी एकच लिहिलंय, असं वाटतं ते माझ्याशीच बोलतायत. एका मुलीनं लिहिलंय, माझ्याकडे असं कुणी बघितलं तर मी रोज कॉफी सांडीन.

बायकोनंही बघितला. ती उठून भांडी घासायला गेली. कौतुक करायला जीभ जड होते माणसांची.

शुक्रवार, १ मार्च

दुकानात गर्दी. खरी गर्दी. लोक कपडे आणतात, आणि आत डोकावून विचारतात, "बोलणारे काका कुठं आहेत?" एक जोडपं फोन वर धरूनच आत शिरलं. तरुणानं आपलं जाकीट दादापुढे धरलं आणि म्हणाला, "काका, याच्याशी बोला ना जरा." दादानं जाकिटाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कशाशी?" म्हणाला.

"तुम्ही नाही का, व्हिडिओत बोलता तसं!"

मी दादाला माझ्या फोनवर व्हिडिओ दाखवला. आपली कीर्ती बघून माणसाला आनंद होईल की नाही? त्यानं शेवटपर्यंत बघितला. फोन मला परत दिला. "हं," म्हणाला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

भिडस्त आहे. होईल सवय.

मंगळवार, ५ मार्च

दादाचा घसा बसला असावा. शुक्रवारपासून आतून आवाज नाही. लोक हिरमुसले होऊन जातात. मी त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, त्यानं मुकाट्यानं केल्या.

चिमणीनं विचारलं, "बाबा बोलतायत ना?"

म्हटलं, "घसा बसलाय गं. हवा बदलतेय."

तिनं फोन ठेवला. "मग बरं"सुद्धा नाही म्हणाली.

शुक्रवार, ८ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बॅटरीचा उजेड पाडून घसा बघितला आणि म्हणाल्या, "घशाला काहीही झालेलं नाही. जेवतात का नीट?" मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "ताट तसंच परत येतंय हो चार दिवस. तुम्हाला फोनमधून मान वर काढायला वेळ आहे कुठं?"

आणखी एक. दादानं एक पांढरा टेबलक्लॉथ औषधात भिजत घालून तसाच विसरून ठेवला. कापड विरलं. असं त्याच्या हातून कधी झालेलं मला आठवत नाही. मी गिऱ्हाइकाची माफी मागून आलो. दादाला काही म्हणालो नाही. तो त्या विरलेल्या कापडाच्या घड्या घालत बसला होता, पुन्हा पुन्हा.

व्हिडिओ अजून जोरात आहे. मला आज बघावासा वाटला नाही.

रविवार, १० मार्च

आज दुकान बंद. घरी बसून त्या व्हिडिओखालचं वाचत होतो, सवयीनं. हसणारे चेहरे, बदाम, आणि मधेच कुणा बाईंनी लिहिलेलं हे.

'हे गृहस्थ कपड्याशी बोलत नाहीयेत. कपड्यावर वाकलेले असतात तेव्हा ते गप्प असतात. बोलताना मान वर करतात आणि उत्तर ऐकून घेतात. जिथं फोन ठेवला आहे, तिथं पूर्वी कोण उभं असायचं?'

मी किल्ली घेतली आणि दुकानात गेलो. आतल्या खोलीत जाऊन वहिनीच्या टेबलामागे उभा राहिलो. तिथं मी कधीच उभा राहिलो नव्हतो, ती जागा तिची होती. समोर हातभर अंतरावर दादाची खुर्ची. दुसरीकडे बघायला जागाच नाही. बसलेल्या माणसानं मान वर केली की त्याला इथं उभं असलेल्याचं तोंड दिसणार, बाकी काही नाही.

इथं उभी राहून ती इस्त्री करायची आणि तो डाग काढायचा, आणि दोघं दिवसभर बोलायची. वहिनीचा आवाज बारीक होता. काउंटरवर मला फक्त दादाचा आवाज यायचा. ती होती तेव्हाही एकच आवाज यायचा, ती गेल्यावरही एकच यायला लागला. मला काही फरकच कळला नाही. मी लोकांना सांगत राहिलो, आमचा दादा कपड्यांशी बोलतो.

आणि मी तिच्या जागी फोन ठेवला. सगळ्या जगाला तिथं उभं केलं.

मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. लिहायला लाज वाटत नाही. घरी आल्यावर बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बाईमाणसाला सांगावं लागतं होय?" म्हणाली. "मला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे आणि तरीही टाकलंत. म्हणून बोलले नाही."

ते सगळ्यात जास्त लागलं.

सोमवार, ११ मार्च

व्हिडिओ काढून टाकला. चिमणी म्हणाली, "काका, लोकांनी उतरवून घेतलाय, फिरत राहील. आपल्या हातात नाही ते आता." एक लेख कुणी वाचावा म्हणून मी दारोदार फिरलो तेव्हा कुणी हात लावला नाही, आणि हा व्हिडिओ परत मागतोय तर मिळत नाही. कपड्यावरचा कुठलाही डाग बरा, त्याला निदान काहीतरी औषध असतं.

दादाला आत जाऊन सांगितलं, "व्हिडिओ काढून टाकला रे. मला कळलं नव्हतं. चुकलं माझं."

तो ब्रश धूत होता. "हं," म्हणाला. हा कुठला हं, ते मला कळलं नाही.

दारावर पाटी लावली, 'आत येऊ नये'. फोन खणात टाकला. आणि काउंटरवरचा रेडिओ मोठा केला, चांगला मोठा. आतलं मला ऐकू येता कामा नये. इतके दिवस मी कान देऊन बसायचो, तो ठीक आहे का ते बघायला. आता तेही नको. त्याचं त्याला बोलू दे, नाहीतर गप्प बसू दे. पण जीव थाऱ्यावर नाही.

शनिवार, १६ मार्च

गर्दी ओसरली. बोलणारे काका बोलत नाहीत म्हटल्यावर लोक दुसरीकडे वळले. जुनी गिऱ्हाइकं तेवढी येतात, रेडिओवरून ओरडून बोलतात. ब्लॉगला पुन्हा कुणी नाही. त्याचं आता काही वाटत नाही, असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? थोडं वाटतं.

दादानं आज अर्धी पोळी जास्त खाल्ली, असं बायको म्हणाली.

मंगळवार, १९ मार्च

दुपारी आतलं दार उघडलं. दादा बाहेर आला, हात पुसत. मला वाटलं बाटली संपली असेल. तो रेडिओकडे बघून म्हणाला, "बंद कर ते. किती मोठ्यानं! एकमेकांचं ऐकू येत नाही आत."

मी रेडिओ बंद केला. बटण दोनदा चुकलं.

तो परत निघाला, दाराशी थांबला. "चिमणी फोनवर तुझे लेख वाचून दाखवते," म्हणाला. "रविवारी सगळे वाचले."

दादा एवढं लांबलचक वाक्य माझ्याशी कधी बोलला होता, आठवत नाही. मी घाबरतच विचारलं, "कसे वाटले?"

"गंजाचा बरा आहे." मग जरा घुटमळला. "तो पहिला, इस्त्रीचा, चूक आहे. ती म्हणते, कॉलर शेवटी."

आणि दार लोटून आत गेला. माझ्यासमोर गिऱ्हाईक पावती धरून उभं होतं. ते काय म्हणालं ते मला आठवत नाही.

बुधवार, २० मार्च

लेख दुरुस्त केला. मथळाही बदलला. आधी कफ, मग बाह्या, मग पाठ आणि पुढचे दोन भाग, कॉलर शेवटी. खाली लिहिलं, 'ही दुरुस्ती आमच्या वहिनीची.' वाचायला कुणी नाही. पण चिमणी, दादा आणि वहिनी धरून माझे वाचक आता तीन आहेत, आणि त्यातली एक फार चुका काढते.

मग म्हटलं, आता लिहिलंच आहे तर करून तरी बघू. माझाच शर्ट घेतला आणि तिच्या पद्धतीनं केला. उचलून धरला. कॉलर ताठ, एक सुरकुती नाही. इतकी वर्षं मी करून बघितलंच नव्हतं, नुसता भांडत होतो.

आत हाक मारली, "दादा! वहिनीचं बरोबर होतं रे!"

आतून आवाज आला, "मला कशाला सांगतोस? तिला सांग."

मी शर्ट हातात घेऊन आत गेलो. टेबल रिकामं होतं, खिळ्यावर ॲप्रन होता. दादा डागावर वाकलेला होता, वर बघत नव्हता. मी शर्ट टेबलाकडे धरून म्हणालो, "वहिनी, तुझंच बरोबर. कॉलर शेवटी."

दादानं ब्रश खाली ठेवला. मान वर केली आणि माझ्या शेजारून टेबलाकडे बघत म्हणाला, "झालं! आता आठवडाभर हिचा तोरा मला सहन करावा लागणार."